पुढल्या चाकाचे बोल

माळशेज घाटाच्या तोंडाशी आले की आमचे अण्णा गाडीची काच खाली करीत. पाऊस असो, धुके असो, काच खाली. मग गाडीत बोलणेही बंद. जुन्नरकडचा माल कल्याणच्या बाजारात पोचविणारी ती जुनी, जीपच्या जातीची पिकअप. मागे कांद्याची पोती आणि टोमॅटोच्या करंड्या, पुढे अण्णा, एखादा व्यापारी आणि मधोमध अंग चोरून बसलेले आम्ही. अण्णांचा एक कान सदैव बाहेर असे. गाडी आधी बोलते आणि मग बिघडते, असा त्यांचा अनुभव होता.

एका वर्षी ऐन दिवाळीच्या आठवड्यात ती बोलू लागली. ब्रेक दाबला की पुढल्या डाव्या चाकापाशी आवाज होई, सोडला की थांबे. गावात जितकी तोंडे तितकी निदाने झाली. कोणी म्हणे लायनर संपले, कोणी म्हणे बेअरिंग गेले. आमच्या एका आत्याबाईंनी तर दृष्टच काढली आणि बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या. आवाज कायम राहिला. शेवटी गाडी नारायणगावच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पान्याला हातही न लावता विचारले, “अण्णा, आवाज कुठून येतो ते मी बघतो. कसा येतो ते तुम्ही सांगा. चीं करतो, खर्र करतो, की टक् करतो?”

हा प्रश्न दिसतो साधा. पण एवढे विचारता येण्यासाठी मोटारीच्या जगाला बरीच वर्षे घालवावी लागली आहेत.

मोटार चालविणाऱ्यांत ब्रेकची पहिली तक्रार सोडविली ती एका गृहिणीने. १८८८ च्या ऑगस्टात बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनविलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन्ही मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरची वाट धरली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले. बाईंनी एका गावी चर्मकार गाठला आणि ठोकळ्यांना चामडे ठोकून घेतले. ज्याला आपण आज लायनर म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. माहेरी जाण्याची ओढ काय काय शोध लावील, सांगता येत नाही!

पुढे इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांनी असेच काही पाहिले. घोडागाड्या उतारावरून येताना गाडीवान ब्रेकच्या लाकडाला जुना बूट बांधीत, म्हणजे चाक नीट धरले जाई. फ्रूडसाहेबांनी १८९७ साली त्यावरून धंदाच काढला. आधी त्यांनी डांबरी द्रव्यात मुरविलेल्या सुती पट्ट्याचे अस्तर केले. ते घोडागाडीला पुरले. मोटारीच्या वेगाने ब्रेक इतके तापत की सूत करपून जाई. तेव्हा १९०८ च्या सुमारास त्यांनी न जळणारा अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा घेतला. त्याची गोष्ट पुढे यायची आहे.

बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तर १९०२ सालीच चाकाबरोबर फिरणाऱ्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक शोधला होता. आजच्या डिस्क ब्रेकचा तो पूर्वज. पण त्याच्या चिमट्याला तांब्याचे अस्तर होते, आणि धातू धातूवर घासला की जी किंकाळी उठे ती ऐकवत नसे. शोध चांगला असूनही मागे पडला, त्याच्या कारणांत ही किंकाळीही होती.

ही किंकाळी येते कोठून? सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हा तार गजाला क्षणभर चिकटते, ताणली जाते, सुटते, पुन्हा चिकटते. ब्रेकमध्ये नेमके हेच होते. अस्तर चाकाला धरते आणि सुटते, सेकंदाला हजारो वेळा, आणि लोखंडाची अख्खी थाळी गाऊ लागते. म्हणून ‘चीं’ ऐकू आले की ब्रेक गेलाच असे समजू नये. रात्रीच्या दवाने चढलेला गंज, ड्रममध्ये साठलेली धूळ, कडा झालेले अस्तर, यांतले काहीही पुरते. गंजाचा आवाज तर दोनचार वेळा ब्रेक मारताच जातो.

पण आवाज पुढच्याच चाकांतून अधिक का यावा? गाडी थांबते तेव्हा तिचा भार पुढे झुकतो. बसमधल्या उभ्या माणसांना हे सांगायला नकोच. साहजिकच थांबविण्याचे बहुतेक काम पुढल्या चाकांच्या माथी येते. गंमत अशी, की सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना पुढे ब्रेकच नव्हते! पुढची चाके अडविली तर गाडी वळणार नाही, कोलांटी खाईल, अशी धास्ती होती. १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक आले. ती युक्ती माल्कम लॉकहीड यांची. त्या दशकात चार चाकांना ब्रेक असलेल्या काही गाड्या पाठीवर तशी पाटी लावून फिरत. कारण अशी गाडी पटकन थांबे आणि मागचा बिचारा येऊन आदळे.

डिस्क ब्रेकचे नशीब उघडायला १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारच्या डिस्क ब्रेकवाल्या गाडीने जिंकली. दोनच वर्षांनी सित्रोएनने आपल्या घरगुती मोटारीला पुढे डिस्क दिले. पिकअपसारख्या कष्टाळू गाड्यांची पाळी उशिरा आली. अमेरिकेत शेव्हरोलेटच्या हलक्या ट्रकांना पुढले डिस्क सरसकट मिळाले ते १९७१ साली. मग त्या पॅडना एक छोटी पोलादी जीभ बसविण्याची चाल पडली. पॅड झिजत आले की ती थाळीला लागते आणि चिरकते. लँचेस्टरना ज्या आवाजाने छळले तोच आवाज आता मुद्दाम, इशारा म्हणून, गाडीत घातला जातो. हा इशारा कोणी ऐकलाच नाही तर ‘चीं’चे ‘खर्र’ होते. म्हणजे अस्तर संपले, लोखंड लोखंडाला खाऊ लागले. तिथे थांबावे, घाट उतरू नये.

आता मिस्त्रींकडे वळू. त्यांनी चाक काढले, ड्रम ठोकून सोडविला. आत काळपट भुकटी साठलेली. मिस्त्रींनी डोळे मिटून जोराची फुंकर मारली. ढग उडाला, आम्ही पोरे हसलो, आमचेही डोळे-नाक त्या भुकटीने भरले. सगळीकडे ड्रम असाच साफ होई.

त्या काळी लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. फ्रूडसाहेबांचा न जळणारा धागा. ब्रेकच्या उष्णतेने त्यातला बराचसा बदलून जातो, सगळा नाही. उरलेले सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन रुततात आणि दुखणे उठायला वीसवीस, तीसतीस वर्षे घेतात. हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. इंग्लंडात रॉचडेल येथील अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीतली नेली केर्शॉ ही कामगार बाई १९२४ साली वारली; ती तेहतीस वर्षांची होती. डॉक्टर कुक यांनी तिच्या फुप्फुसांची हकीकत त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापली. १९३० साली सरकारी अहवाल आला, १९३१ साली नियम झाले. पण ते कारखान्यांतल्या धुळीपुरते. गॅरेजात फुंकर मारणाऱ्या मिस्त्रीपर्यंत कोणी पोचले नाही. खुद्द ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पुरती बंदी आली ती १९९९ साली. पाऊणशे वर्षे! गाडीने कुरकुर केली तर आपण त्याच दिवशी चाक काढतो. जुन्या गाडीचा ड्रम आजही उघडायचा तर फुंकर नको, हवेचा नळही नको. ओल्या फडक्याने पुसावा.

आमच्या गाडीचे लायनर मात्र चांगले निघाले. बेअरिंगही ठीक. अण्णा म्हणाले, “मिस्त्री, मग लायनर बदलूनच टाका ना, मनाला शांतता.”

“शांतता तुमच्या मनाला, गाडीला काय?” मिस्त्री म्हणाले. “टक् म्हणालात ना तुम्ही? एकदाच, दाबल्याबरोबर? लायनर टक् करीत नाही.”

त्यांनी चाक पुन्हा चढविले, पोऱ्याला ब्रेकवर उभे केले, आम्हा सगळ्यांना गाडी मागेपुढे ढकलायला लावले आणि स्वतः खाली निजून पाट्यांवर हात ठेवला. तिसऱ्या धक्क्याला ओरडले, “सापडला!” पुढला आस पाट्याला बांधणारे यू-बोल्ट सैल झाले होते. ब्रेक लागला की चाक मागे राहू पाही आणि अख्खा आस सुतभर सरके. तोच तो टक्. ब्रेकचा त्यात काहीच दोष नव्हता. अण्णा बराच वेळ त्या बोल्टांकडे बघत उभे राहिले. परवाच रात्री त्यांनी भरली गाडी घाटातून उतरविली होती.

नवे बोल्ट आवळून झाले. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. सणाचे दिवस, म्हणाले. आईने दिलेला फराळाचा डबा आम्ही पुढे केला. त्यांनी हात विजारीला पुसले, काळ्या भुकटीचे, आणि एक चकली उचलली.