‘विकारविलसिता’तील पिशाच्च आणि दृष्टी

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापूर प्रकरणी 1882 मध्ये भोगलेल्या डोंगरीच्या कारावासातील ते काम होय. पुढे ‘सुधारक’ (1888) काढून रूढींना बुद्धीची कसोटी लावणाऱ्या विचारवंताने पिशाच्चाच्या साक्षीवर उभारलेले नाटक मराठीत आणावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. नाटकातील दृष्टीचा व्यापार तपासला असता ही विसंगती उरत नाही.

त्यापूर्वी तीनच वर्षे, 31 ऑक्टोबर 1880 रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले होते. मूळ कालिदासीय नाटकाच्या सहाव्या अंकात सानुमती ही अप्सरा तिरस्करिणीच्या योगाने अदृश्य राहून दुष्यंताचा पश्चात्ताप पाहते. तेथे पाहणारी व्यक्ती दिव्य, आणि पाहिला जातो तो मनुष्य. तिच्या पाहण्याविषयी शंकेला जागाच नाही. म्हणूनच त्यातून पुनर्मीलनाची आशा उत्पन्न होते.

‘हॅम्लेट’मध्ये हा संबंध उलटा होतो. येथे पाहणारा मनुष्य आहे आणि त्याच्या दृष्टीची खात्री नाही. हा भेद मराठी व्याकरणातून स्पष्ट करता येतो. ‘मी पाहिले’ या प्रयोगात पाहणारा कर्ता असतो. ‘मला दिसले’ यात दिसणारी वस्तू कर्ता होते आणि पाहणारा चतुर्थीत जातो. पिशाच्च ‘दिसते’. पहिल्या अंकात ते पहारेकऱ्यांना व होरेशिओलाही दिसते. तरीही ती सैतानाची माया असावी, अशी शंका हॅम्लेटला येते. म्हणून तो नाटकात नाटक योजतो आणि राजाचा चेहरा निरखण्यास होरेशिओलाही सांगतो. केवळ दिसलेल्यावर विसंबून न राहता स्वतः पाहण्याचा, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी पडताळण्याचा, हा प्रयत्न आहे.

शोकान्तिकेचे मर्म यापुढे आहे. पडताळा मिळतो, परंतु त्यानंतर लगेच राणीच्या महालात, पडद्याआड कोण आहे हे न पाहताच, हॅम्लेट वार करतो आणि पोलोनियस मरतो. त्याच प्रसंगी पिशाच्च पुन्हा येते. या वेळी ते एकट्या हॅम्लेटला दिसते. राणीला तेथे काहीच दिसत नाही. बुद्धीने मिळविलेली दृष्टी विकाराच्या एका आवेगात नाहीशी होते.

‘विकार’ या शब्दात मनोवेग आणि बिघाड हे दोन्ही अर्थ आहेत. आगरकरांच्या शीर्षकाने नाटकाचे केंद्र पिशाच्चाकडून पाहणाऱ्याच्या मनाकडे नेले, ही त्याची अन्वर्थकता होय.