मेंदूच्या तीव्र इजेनंतरचे पोषण व प्रोबायोटिके

शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनात 8 वा त्याहून कमी गुण असलेल्या बेशुद्ध रुग्णास अन्न पोहोचविण्याची तजवीज व तदनुषंगिक आंत्रविकारांचे उपचार. अशी इजा रस्त्यांवरील अपघातांत होते; राष्ट्रीय महामार्ग 44 व 53 नागपुरात एकमेकांस छेदतात. तेथील 1947 साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे लोकांच्या ‘मेडिकल’च्या, रुग्णालयात असे अपघातग्रस्त विदर्भाबाहेरूनही दाखल होतात. मेंदूच्या इजेमुळे प्राणेशा (व्हेगस) तंत्रिकेचे कार्य बिघडून जठर मंदावते, आणि इकडे शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागते. म्हणून रक्ताभिसरण स्थिरावताच, शक्यतो 24 ते 48 तासांत, नाकावाटे जठरात सोडलेल्या नळीतून, उशाकडील भाग 30 ते 45 अंश उचलून, द्रव आहार संथपणे सुरू करतात. कवटीच्या तळाचा अस्थिभंग असल्यास नळी तोंडावाटे घालावी लागते. ही खबरदारी प्राणमोलाची आहे.

लॅक्टोबॅसिलससारख्या हितकर जंतूंनी, म्हणजेच प्रोबायोटिकांनी, संसर्ग घटतो, असे काही लहान चाचण्यांत दिसले. परंतु कृत्रिम श्वसनावरील 2,650 रुग्णांच्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत न्यूमोनिया घटला नाही, आणि तीव्र स्वादुपिंडदाहाच्या 2008 मधील डच चाचणीत तर प्रोबायोटिक घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक झाले. सबब, सरसकट वापर समर्थनीय नाही. नातलगांनी घरचे ताकही वैद्यांच्या अनुज्ञेवाचून नळीतून देऊ नये.