कमान, कमठा आणि आडवं धनुष्य

गावठाणात शिरताना रस्त्यावर जी कमान लागते, जिच्यावर गावाचं नाव रंगवलेलं असतं, ती मूळची धनुष्य आहे. फारसी भाषेत कमान म्हणजे धनुष्य. दख्खनच्या सुलतानांच्या काळात फौजेबरोबर आणि दरबाराबरोबर हा शब्द मराठीत आला, तेव्हा तो लढाईचाच शब्द होता. तीर म्हणजे बाण, तिरंदाज म्हणजे तीर सोडणारा, आणि कमान म्हणजे तीर ज्यातून सुटतो ते. पुढे लढाईतून धनुष्य गेलं आणि त्याचा वाकलेला आकार तेवढा शब्दात उरला. दाराची कमान, पुलाची कमान, भुवयांची कमान. कळंबोलीला ट्रक दुरुस्तीला लागतात, तिथला मेकॅनिक गाडीखालून 'कमान तुटलीय' म्हणतो तेव्हा तो चाकावरच्या पोलादी पट्ट्यांबद्दल बोलत असतो. वाकायचं, ताण सोसायचा आणि पुन्हा आपल्या जागी यायचं, हे ज्याला जमतं ती आपल्याकडे कमान.

आज या कमानीच्या एका परदेशी चुलत भावाबद्दल बोलायचं आहे. आपली मुलं मोबाईलवर लढाईचे खेळ खेळतात, त्यात क्रॉसबो नावाचं एक हत्यार असतं. गटाच्या बैठकीत एकीने विचारलं की याला मराठीत काय म्हणायचं? रोजच्या मराठीत त्याला शब्द नाही. शब्द का नाही, हे शोधायला बसलो आणि त्या नादात बरंच काही हाती लागलं.

आधी ते हत्यार कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. एक जाड लाकडी दांडा. त्याच्या पुढच्या टोकाला आखूड पण फार ताठ धनुष्य आडवं बसवलेलं. दोरी मागे ओढून दांड्यावरच्या खाचेत अडकवायची, पुढे आखूड बाण ठेवायचा. दोरी आता खाचेनं धरून ठेवलेली असते, हाताला काही ताण नाही. मग नेम धरायचा आणि खालचा चाप दाबायचा. बंदुकीसारखंच, फक्त दारू नाही आणि आवाज नाही. सुरुवातीला दोरी हाताने ओढत. पुढे धनुष्य आणखी ताठ झालं, ते हाताने ओढलं जाईना, तेव्हा पुढे पाय अडकवायला रिकीब आली, मग तरफ आली, मग विहिरीच्या रहाटासारखं फिरवायचं चाक आलं.

इंग्रजी नाव सरळ आहे. क्रॉस म्हणजे फुली, बो म्हणजे धनुष्य. दांडा आणि धनुष्य मिळून फुली दिसते म्हणून क्रॉसबो. फ्रेंच लोक त्याला आर्बालेत म्हणतात. ते लॅटिनमधल्या दोन शब्दांचं मिळून झालंय, एक धनुष्य या अर्थाचा आणि दुसरा बॅलिस्टा, म्हणजे दगड किंवा भाले फेकायचं यंत्र. थोडक्यात, यंत्रधनुष्य. गंमत जर्मन नावाची आहे. तोच लॅटिन शब्द जर्मन माणसांच्या तोंडी गेला आणि झाला आर्मब्रुस्ट. त्यांच्या भाषेत आर्म म्हणजे हात आणि ब्रुस्ट म्हणजे छाती. हत्यार हातात धरून छातीशी टेकवतात म्हणून हे नाव, असं कुणालाही वाटेल. पण तसं काही नाही, परका शब्द कानाला जवळचा करून घेतला इतकंच. आपण लॉर्डचा लाटसाहेब केला, त्यातलाच प्रकार.

आता एका बाईची ओळख करून देतो. अ‍ॅना कॉम्नेना, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाची मुलगी, जन्म 1083 चा. वडिलांच्या कारकिर्दीचा इतिहास तिने स्वतः लिहिला, आणि त्या काळच्या युरोपातली ती फार मोठी इतिहासकार मानली जाते. पहिल्या क्रूसेडच्या वेळी पश्चिमेकडचे सैनिक तिच्या शहराकडे आले तेव्हा त्यांच्याकडे हे हत्यार होतं. तिने त्याचं वर्णन बारकाईने केलंय. दोरी ओढायला माणूस जवळजवळ उताणा पडतो, दोन्ही पाय धनुष्याला लावतो आणि दोन्ही हातांनी दोरी खेचतो. बाण ढालीतून आरपार जातो. हे यंत्र तिला सैतानी वाटलं. ग्रीक लोकांना ते माहीतच नव्हतं असंही ती सांगते. तेव्हा ग्रीकमध्येही त्याला घरचा शब्द नव्हता, तिने परका 'त्झांग्रा' हाच शब्द वापरला. नऊशे वर्षांपूर्वी एका राजकन्येला जी अडचण आली, तीच आपल्या बैठकीत आली म्हणायची.

सैतानी का वाटावं? मारायची हत्यारं तर सगळ्यांकडेच होती. आम्हाला वाटतं, खरी बोच दुसरीकडे होती. साधं लांब धनुष्य ताकदीने ओढून, धरून, नेम साधायला लहानपणापासून सराव लागतो. घोड्यावरचा चिलखती सरदार व्हायला तर जन्म, जमीन आणि पैसा तिन्ही लागतं. क्रॉसबो मात्र साध्या माणसाला थोड्या दिवसांत शिकवता येत होता. ताकद यंत्राची, माणसाने फक्त नेम धरायचा. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्या हातून सरदार पडू लागले. रोमच्या चर्चने 1139 साली मोठी सभा भरवून ठरवलं की ख्रिस्ती माणसांवर हे हत्यार आणि साधं धनुष्यही चालवायचं नाही. ठराव झाला, पाळला कुणीच नाही. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहाच्या काळजाचा म्हणत, तो स्वतः असे तिरंदाज पदरी बाळगून होता. 1199 साली फ्रान्समधल्या एका लहानशा किल्ल्याला वेढा घालून बसला असताना तटावरून असाच एक बाण त्याच्या खांद्यात घुसला. जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत राजा गेला.

हे हत्यार फक्त युरोपचं नाही. चीनमध्ये ते कितीतरी आधीचं आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ मातीची फौज पुरली, तिच्यात क्रॉसबोचे काशाचे चाप सापडलेत. आपल्या देशात निकोबार बेटांवरचे आदिवासी ते वापरत आलेत, अरुणाचलातल्या लिसू लोकांकडेही आहे.

मग आपल्या किनाऱ्यावर? इथेही ते येऊन गेलं. 1498 साली वास्को द गामा कालिकतला पोचला तेव्हा त्याच्या जहाजांवर तोफांबरोबर क्रॉसबोही होते. पोर्तुगीज त्याला बेस्ता म्हणत, तोही बॅलिस्टाचाच नातेवाईक. 1510 मध्ये गोवा, नंतर चौल, 1534 च्या तहाने वसई, असे ते आपल्या अंगणात शिरले. त्यांच्या भाषेतून आपण पाव घेतला, चावी घेतली, बटाटा घेतला, पगार घेतला, इस्पितळ घेतलं. बेस्ता मात्र घेतला नाही. कारण तोपर्यंत बंदूक आली होती. तोड्याची बंदूक चालवायला क्रॉसबोपेक्षा सोपी, आणि तिचा धाक मोठा. कोकणातल्या हेटकऱ्यांनी बंदुकीच्या नेमबाजीत नाव काढलं. हेट म्हणजे खालचा मुलूख, घाटाखालचा, म्हणून हेटकरी. घोडेस्वाराच्या दृष्टीनेही क्रॉसबो अडचणीचा. एक बाण सोडून पुन्हा दोरी चढवेपर्यंत साध्या धनुष्याचे किती तरी बाण सुटतात. वस्तू आली, पण कुणाच्या हातात रुजली नाही. हातात न रुजलेल्या वस्तूला भाषा नाव देत नाही.

जी रुजली तिला मात्र नावांची कमी नाही. धनुष्य, कोदंड, चाप. चाप म्हणजे संस्कृतात धनुष्य, मराठीत बंदुकीचा खटकाही चाप आणि आपण केसांना लावतो तोही चाप. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचं, शिंगाचं. मेहकरच्या बालाजीला शारंगधर म्हणतात, ते हे शिंगाचं धनुष्य धरणारा म्हणून. नाव काही हवेतून आलेलं नाही. शिंग, लाकूड आणि जनावराचे स्नायू सरसाने एकावर एक चिकटवून धनुष्य करायची पद्धत खरोखर होती. एकेक करायला महिने लागत. पण सरस ओलाव्यात ढिला पडतो, त्यामुळे आपल्या कोकणच्या पावसात असल्या धनुष्याचे हाल. इथे खरा बांबूच. बांबूचा तो कमठा, आणि तीर मिळून तिरकमठा. दोरीसुद्धा कित्येकदा बांबूच्याच सालीची. तुटलं तर रानातून दुसरा बांबू आणायचा, कुणाच्या दारात जायला नको.

गलोल हाही धनुष्याचाच प्रकार. आज आपण रबराच्या बेचकीला गलोल म्हणतो. जुनी गलोल म्हणजे दोन दोऱ्यांचं लहान धनुष्य, दोऱ्यांच्या मध्ये छोटी झोळी, तिच्यात मातीची भाजलेली गोळी. पिकावरची पाखरं उडवायला ती वापरत. आणि पिंजाऱ्याचं अवजार आठवतं का? खांद्याएवढं धनुष्य, त्याच्या तातीवर लाकडी ठोकळा मारला की कापूस उडायचा आणि गल्लीभर टणत्कार घुमायचा. तेही धनुष्यच. त्यात बाण नाही, पण त्यावर माणसाचं पोट. नदाफ हे आडनाव अरबी शब्दावरून आलंय, अर्थ कापूस पिंजणारा. आपल्यापैकी कितीजणींच्या माहेरच्या गाद्या त्या धनुष्यातून निघाल्या असतील.

धनुष्याने माणसांनाही नाव दिलं. दक्षिणेकडच्या भाषांत धनुष्याला विल्लु, बिल्लु म्हणतात. भिल्ल हे नाव त्यावरूनच आलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्याजवळचे कातकरी मात्र काथावरून ओळखले गेले. खैराच्या झाडापासून काथ करणारे, म्हणून काथोडी, कातकरी. पनवेल, कर्जत, पेणच्या वाड्यांत आजही त्यांच्या काही घरांत भिंतीला तिरकमठा दिसेल.

आमच्या ओळखीच्या एका गटात अशाच वाडीवरच्या एक ताई आहेत. क्रॉसबोचं चित्र त्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा आडवा कमठाच की." आमच्या मते यापेक्षा चांगलं मराठी नाव मिळणार नाही. आम्ही तेव्हापासून आडवा कमठाच म्हणतो.

पण त्या ताईंनी आणखीही सांगितलं. त्यांच्या घरचा तिरकमठा त्यांच्या आजोबांनी केलेला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हापासून तो भिंतीवरच. तरी आसपासच्या रानात काही झालं की विचारणा पहिल्यांदा वाडीतच. मुलाला शाळेत पोरं जंगली म्हणाली, तेव्हा त्याने तो कमठा एक दिवस माळ्यावर लपवून ठेवला. त्याच ताईंना एका कार्यक्रमात बोलावलं, अट अशी की अंगाला पानं गुंडाळून, तिरकमठा हातात घेऊन बायकांनी नाचायचं. ताई म्हणाल्या, "मी लुगडं नेसून येईन आणि कमठा कसा बांधतात ते सांगेन. बांबू कोणत्या महिन्यात तोडायचा, तेही सांगेन." त्यांना पुन्हा फोन आला नाही. मैत्रिणींनो, ज्या वाडीकडे पुस्तक नाही तिचं पुस्तक असं भिंतीवर टांगलेलं असतं. ते वाचायचं सोडून लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. आम्ही त्या ताईंना आपल्या बैठकीला बोलावलं, त्या आल्या, आणि दीड तास कुणी चहाला उठलं नाही. बांबू हिवाळ्यात, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा म्हणजे कीड लागत नाही, हे त्यांच्याकडून कळलं.

आडव्या कमठ्याची पुढची पिढी आज महाराष्ट्रातच नाव गाजवते आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली, 1969 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. याला कंपाऊंड धनुष्य म्हणतात. उभं धरायचं, पण युक्ती जुनीच, ताकद यंत्राकडून उसनी घ्यायची. दोरी पूर्ण ओढली की चाकांमुळे हातावरचं ओझं एकदम कमी होतं, आणि बाण सुटतो तो हातातल्या छोट्या खटक्याने. साताऱ्याची अदिती स्वामी हेच धनुष्य चालवते. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटरवरून 15 बाणांत 150 पैकी 149 गुण मिळवून ती जगज्जेती झाली, तेव्हा ती 17 वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे 150 पैकी 150 मारून पुरुषांत जगज्जेता झाला. दोघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

इतकं असूनही ऑलिम्पिकमध्ये या धनुष्याला आजवर जागा नव्हती, तिथे चाकं नसलेलंच धनुष्य चालत आलंय. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा एक प्रकार पहिल्यांदा येतो आहे, मिश्र संघाचा. एक बाई आणि एक पुरुष, दोघांनी मिळून खेळायचा.