सैल आणि घट्ट: बकलाचा मागोवा

१८९६ सालच्या जानेवारीच्या अखेरीस मुंबईहून बडोद्याला निघालेली रात्रीची गाडी डहाणू ओलांडून पुढे गेली. गाडीत साठीचा एक अमेरिकी लेखक होता: सॅम्युअल क्लेमेन्स, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला मार्क ट्वेन. बडोद्यात त्याला सयाजीराव गायकवाडांसमोर बोलायचे होते. हा प्रवास हौसेचा नव्हता. अक्षरजुळणी करणाऱ्या एका यंत्रात त्याने लाखो डॉलर ओतले होते. त्या यंत्राला अठरा हजारांच्या घरात सुटे भाग होते आणि ते कधीच भरवशाने चालले नाही. त्यातच १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी तो जगभर व्याख्याने देत फिरत होता आणि त्या फेरीत मुंबई, पुणे, बडोदे ही ठाणी होती.

याच माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी एक फार साधी वस्तू शोधली होती. १९ डिसेंबर १८७१ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्याला १,२१,९९२ क्रमांकाचे पेटंट दिले. विषय होता कपड्यांसाठी सैल-घट्ट करता येणारा आणि काढून ठेवता येणारा पट्टा. त्याला खांद्यावरून जाणारे गॅलिस नकोसे वाटत. म्हणून त्याने सुचवले की कपड्याला कायमचा शिवून टाकलेला पट्टा नको. बटणांनी अडकवता येईल, हवा तेवढा ताणता येईल आणि एका कपड्यावरून काढून दुसऱ्यावर लावता येईल असा लवचीक पट्टा हवा. बाल्टिमोरच्या आणखी एका माणसानेही त्याच सुमारास जवळजवळ हीच कल्पना मांडली होती, म्हणून आधी कोणाला सुचले याचा खुलासा क्लेमेन्सला द्यावा लागला. पेटंट त्याला मिळाले, पण पट्ट्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. ब्रेसियरचा हूक मार्क ट्वेनने शोधला, असे आजकाल सर्रास सांगितले जाते. पण त्या पेटंटात भर होता तो बंडी, पाटलोण अशा कपड्यांवर. कोटाखालच्या बंडीला पाठीवर जो छोटा पट्टा आणि बकल असते, तो याच घराण्यातला.

मला या पेटंटात महत्त्वाचा वाटतो तो त्यातला आग्रह. कपडा एक, अंगे अनेक, आणि एकच अंगही सकाळी वेगळे, जेवणानंतर वेगळे. माणसाने कपड्याप्रमाणे होऊ नये, कपड्याने माणसाप्रमाणे व्हावे. हा आग्रह डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात मात्र नवा नव्हता. तिथे तो धातूशिवाय, दोरीच्या आणि कापडाच्या जोरावर केव्हाच साधलेला होता.

याच पट्ट्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीचे देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेला तिथे जत्रा भरते आणि पंधरा दिवस चालते.  या मुलखातल्या वारली बाईचा जुना पोशाख म्हणजे गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि चोळी. अवघ्या महाराष्ट्रातली जुनी चोळी घेतली, तरी तिला पुढे हूक नसे, बटण नसे. दोन टोके छातीखाली आणून गाठ मारायची. बाळंतपणापूर्वी, बाळंतपणानंतर, मूल अंगावर पीत असताना आणि म्हातारपणी तीच चोळी चाले, कारण माप चोळीत नव्हते, गाठीत होते. बाळाच्या कमरेचा करगोटाही तसाच. बाळ वाढले की तो पुन्हा सैल करून बांधायचा. पुरुषाची लंगोटी त्या करगोट्याच्याच आधाराने राही. अंगरख्याला बंद आणि बाराबंदीला नावाप्रमाणे बंदांच्या जोड्या. लेंग्याला आजही नाडी.

रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला आकडी असते आणि आकडीत कोयता. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, झाडावर चढताना कोयता निसटता कामा नये आणि हात मागे नेला की तो चटकन निघालाही पाहिजे. हे तिन्ही एका दोरीने आणि एका आकडीने साधते. दोरी कमरेप्रमाणे आवळायची, ओल्या दिवसांत ताणली तर पुन्हा आवळायची. बैलाच्या मानेचेही तेच. जुवाच्या शिवळीला जुपणी अडकवताना बैल थोराड आहे की खोंड, हे पाहून फास लहान-मोठा करतात. मराठी माणसाने गाठींची दोन कुळे पूर्वीपासून ओळखली आहेत. सुरगाठ एक टोक ओढले की सुटते. निरगाठ नखांनी, नाहीतर दातांनी सोडवावी लागते. बकलाच्या साऱ्या पुढच्या कारागिरीचा प्रश्न हाच आहे: निरगाठीसारखे धरून ठेवायचे आणि सुरगाठीसारखे सोडायचे, हे एकाच वस्तूत कसे बसवायचे?

धातूने हा प्रश्न प्रथम सोडवला तो मुख्यतः घोड्यासाठी आणि सैनिकासाठी. खोगीर कसताना घोडा छाती फुगवतो. थोडा चालवला की श्वास सुटतो आणि तंग ढिला पडतो. मग स्वाराला तो पुन्हा आवळावा लागतो आणि दर वेळी गाठ सोडून बांधायला सवड नसते. चीनमध्ये पट्ट्याचे धातूचे आकडे ख्रिस्तपूर्व काळातच वापरात होते. रोमन सैनिकाच्या पट्ट्याला चौकट आणि तिच्यावर टेकणारी जीभ असलेले बकल होते. आपल्याकडे कमरपट्ट्याची ठसठशीत साक्ष मथुरेच्या संग्रहालयात आहे. मथुरेजवळच्या माट इथे सापडलेल्या, चष्टन या शक क्षत्रप राजाच्या मानल्या जाणाऱ्या पुतळ्याच्या जाड अंगरख्यावर नक्षीदार फलकांचा कमरपट्टा कोरलेला आहे. हे शक लोक घोड्यावर बसणारे, शिवलेले कपडे घालणारे. चष्टनाआधीचा क्षत्रप नहपान, आणि त्याचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या क्रमांक दहाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. लोकांना नद्या फुकट ओलांडता याव्यात म्हणून त्याने जिथे होड्या ठेवल्या, त्या नद्यांची यादी त्यात आहे. पारदा, दमणा, तापी यांच्याबरोबर तिथे डहाणुकाही आहे. म्हणजे कमरपट्ट्यांची माणसे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर राज्य करून गेली. इथल्या माणसाने मात्र त्यांचा पट्टा घेतला नाही. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावरची स्त्री-पुरुषांची जोडपी पाहा: मेखला आहेत, कमरेला गुंडाळलेली वस्त्रे आहेत, त्यांच्या गाठी आणि लोंबते सोगेही आहेत. दमट हवेत, भाताच्या खाचरात, अंगावर कमीत कमी कापड असताना बकलाची गरजच काय होती?

पोर्तुगीज सोळाव्या शतकात डहाणूला आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तिथला किल्ला मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज शिपायांच्या चिलखताला चामड्याच्या वाद्या आणि बकले होती. गावकऱ्यांच्या अंगावर त्यातले काही उतरले नाही.

बकल युरोपातही सरळ चढत गेले नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजांच्या बुटांवर बकले होती. बर्मिंगहॅम, वॉल्सॉल, वुल्व्हरहॅम्प्टन या गावांतल्या हजारो कारागिरांचे पोट त्यावर चाले. मग नाडीच्या बुटांची रीत आली. १७९१ साली हवालदिल झालेल्या या कारागिरांनी युवराजाकडे अर्ज केला की बकले वापरा आणि आम्हाला वाचवा. अर्जाने रीत बदलली नाही. साध्या नाडीने, म्हणजे गाठीने, धातूला पायातून हुसकावले. अर्ज करणाऱ्यांच्या हलाखीने मन कळवळते, पण तंत्राच्या बाजूने पाहिले तर नाडी जिंकणारच होती. जिभेचे बकल भोकांवर चालते आणि भोके ठरावीक अंतरावर असतात. दोन भोकांमधले माप त्याला देता येत नाही. चामड्याच्या पट्ट्याला मधेच खिळ्याने पाडलेले एक वाकडे भोक असते ना, ते याच उणिवेचे उत्तर असते. नाडीला भोकांमधले मापही मिळते.

तरीही आपल्याकडे बकल रुजले ते भोकवालेच, कारण ते गणवेशातून आले. मुंबईच्या कचेऱ्यांत पितळी बिल्ल्याचा पट्टा लावणारा पट्टेवाला आला, पोलीस आले, पलटणी आल्या. १८५८ साली उत्तरेत पिलीभीतच्या बाजूला झालेल्या लढाईत सॅम ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. एका हाताने म्यान धरून तलवार उपसता येईना. म्हणून त्याने कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून जाणारा आडवा पट्टा जोडला. त्याचे नाव घेऊन तो पट्टा जगभर गेला आणि आपले पोलीस अधिकारी समारंभाला आजही तो घालतात. एका माणसाच्या जायबंदी शरीरासाठी घडलेली वस्तू पुढे हजारो धडधाकट माणसांची शिस्त झाली. कोणत्या भोकात जीभ बसवायची, हे आता कंबर ठरवत होती खरी, पण पट्टा, त्याची रुंदी आणि बकलाची चमक ठरवणारा वरिष्ठ होता.

भोकांच्या जाचातून सुटका केली ती घर्षणाने. मधे एक आडवी दांडी असलेली चौकट घ्या. पट्टी खालून वर काढा, मधल्या दांडीवरून वळवा आणि पलीकडच्या फटीतून खाली सोडा. दांडीभोवती वळण जितके अधिक, तितकी पकड झपाट्याने वाढते. त्यातच ओझ्याचा ताण पट्टीचा एक थर दुसऱ्यावर दाबतो. म्हणजे ओझे जितके जास्त, तितके बकल घट्ट. जीभ नाही, भोक नाही, स्प्रिंग नाही. हलणारा भागसुद्धा नाही. ब्रेसियरच्या पट्टीवरची इवलीशी सरकती चौकट आणि प्रवासी पिशवीच्या पट्ट्यावरचे अॅडजस्टर ही तिचीच दोन मापे. दप्तराच्या बकलात आणखी एक खुबी असते. त्याचा मागचा काठ बोटाने उचलला की चौकट तिरकी होते, वळण उलगडते आणि पट्टी सरकते. काठ सोडला की पुन्हा पकड. सुरगाठ आणि निरगाठ अखेर एका तुकड्यात आली ती अशी.

यात पट्टीचाही वाटा आहे. चामडे जाड, ते छोट्या दांडीभोवती नीट वळत नाही. पलंगाला विणतात तशी विणलेली नवार वळते, आणि नायलॉनची नवार तर पावसात कुजतही नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून सुटणारे प्लास्टिकचे बकल अमेरिकेत आले आणि मग दप्तरे, हेल्मेट, लाइफ जॅकेट, कुत्र्याचे पट्टे, सगळीकडे ‘टक्’ हा आवाज पोचला. आता तो जत्रेतल्या पिशव्यांच्या दुकानांतही ऐकू येतो. पहिलीत घेतलेले दप्तर चौथीपर्यंत नेणाऱ्या मुलाच्या पाठीवर दरवर्षी बोटभर नवार मोकळी होत जाते. चोळीची गाठ जे काम करायची, ते हे काळे बकल करते. मला त्या स्वस्त वस्तूबद्दल मनापासून आदर वाटतो.

शेवटचा टप्पा विवळवेढ्याच्या दारातल्या महामार्गावर आहे. मोटारीच्या पट्ट्यात सैल-घट्ट करणेही माणसाकडे राहिलेले नाही. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेल्या नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वोसाठी तीन टोकांचा पट्टा घडवला. १९५९ साली तो गाड्यांत बसला आणि कंपनीने ते पेटंट सर्वांना वापरू दिले. कंबर आणि छाती दोन्ही एकाच पट्ट्याने धरायची आणि एका हाताने ‘टक्’ करून लावायची, हे त्याचे सार. पुढे त्याला गुंडाळणारे रीळ जोडले गेले. हळू ओढले तर पट्टा येत राहतो, झटका बसला तर रीळ अडकते. माप घेणारे बोटही त्यातच सामावले. माणसाच्या वाट्याला एवढेच उरले की जीभ बकलात घालायची.

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी अहमदाबादकडून मुंबईकडे येणारी एक मोटार विवळवेढ्यापासून काही किलोमीटरवर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागच्या सीटवरचे उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल गेले. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरही पट्टा बांधण्याचा नियम तेव्हाही होता, दंड हजार रुपयांचा होता. त्यानंतर नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला.

त्याच सुमारास आणखी एक वस्तू चर्चेत आली. पट्टा न लावता गाडीचा इशारा बंद व्हावा म्हणून बकलात खुपसायची नुसती धातूची जीभ ऑनलाइन विकली जात होती. म्हणजे बकल शाबूत, जीभ शाबूत आणि मधला पट्टाच गायब. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांवर आदेश काढले आणि अशा १३,११८ जाहिराती काढून टाकण्यात आल्या. इतक्या शतकांच्या खटपटीची याहून क्रूर थट्टा मला सुचत नाही. पण विक्री थांबली तरी मागच्या सीटचे काम उरतेच. आपल्याकडे नवी गाडी आली की आधी सीटवर कव्हर चढते आणि मागची बकले त्याखाली गाडली जातात. तेव्हा महालक्ष्मीच्या दर्शनाला निघायच्या आदल्या दिवशी ते कव्हर काढावे, शिंप्याकडून बकलाच्या जागी तीन फटी पाडून घ्याव्यात, आणि मधल्या प्रवाशाचेही बकल वर येते का, ते एकदा ओढून पाहावे.