बदनामीला उत्तर कसे द्यायचे? महाडचा धडा

एखाद्या गावात आपल्या वस्तीवर हल्ला होतो आणि तासाभरात मोबाईलवर भलतीच गोष्ट फिरू लागते. वाद यांनीच काढला, आधी दगड यांनीच मारला. मार खाल्लेलेच आरोपी ठरतात. मग आपले तरुण चिडतात, शिवीला शिवीने उत्तर देतात आणि त्या शिवीचा स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून फिरवला जातो. मूळ हल्ला बाजूलाच राहतो. हे आम्ही किती वेळा पाहिले असेल!

मोठ्या कंपन्या अशा वेळी पैसे मोजून पीआरवाले नेमतात. आपल्याकडे ना पैसा, ना चॅनेल. पण आपल्याकडे महाड आहे. महाडचा सत्याग्रह आपण पाण्याच्या हक्कासाठी आठवतो, आणि ते योग्यच आहे. संकटात चळवळीचे नाव कसे राखावे याचा धडाही तिथेच आहे, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

आधी समोरच्यांचे नाव कसे राखले जात होते ते पाहू. रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर महाड पुढारलेले ठरले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे नगरपालिकेतले प्रामाणिक लोक आपल्या बाजूने उभे राहिले, हे आम्ही विसरत नाही. पण गावाचा चांगुलपणा ठरावापुरताच होता. आजच्या भाषेत बोलायचे तर तो पीआर होता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि शांतपणे मंडपात परतले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. असा कोणताही बेत नव्हता. तरीही जमाव लाठ्या घेऊन मंडपावर धावून आला. जेवत असलेल्यांना मारले, अन्न मातीत मिसळले. अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

आपली माणसेही काही कमी नव्हती. त्यांत लष्करात नोकरी केलेले होते. बाबासाहेबांनी एक इशारा दिला असता तर महाडात रक्त सांडले असते. त्यांनी तो दिला नाही. काही जणांना हा कमकुवतपणा वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. त्या संध्याकाळी हात उचलला असता तर इतिहासात 'महाडची दंगल' एवढीच नोंद उरली असती. अफवा पसरवणाऱ्यांना तेच तर हवे होते.

पण गप्प बसणे म्हणजे संयम नव्हे. घटनेची चौकशी पूर्ण करूनच बाबासाहेबांनी महाड सोडले. खटला उभा राहिला आणि जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. दंगलखोर कोण होते, हे आता आपण ओरडून सांगण्याची गरज राहिली नव्हती. कोर्टाच्या कागदावरच ते लिहिले गेले.

मग आले शब्द. ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे हल्ल्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. दुसऱ्याच्या दारात आपली बाजू मांडायला उभे राहण्याचा हा अनुभव गाठीशी होता. महाडची हकिकत, विरोधकांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे आपल्याच पत्रात छापली गेली. त्यात शिवीगाळ नव्हती, युक्तिवाद होता.

इकडे सनातन्यांनी पंचगव्याने तळे 'शुद्ध' केले आणि नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. नुसत्या कागदावर कमावलेले नाव पहिल्याच परीक्षेत गळून पडले.

डिसेंबरमधली परीक्षा याहून कठीण होती, कारण ती आपल्याच लोकांसमोर होती. पुन्हा पाणी घेण्याच्या निर्धाराने हजारो लोक महाडला येणार होते. तेवढ्यात तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा लावून विरोधकांनी कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हुकूम मोडला तर सरकारशी झुंज, पाळला तर भ्याड म्हणवून घ्यायचे. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी तहकूब करायला लावला. टाळ्या मिळवून देणारा हा निर्णय नव्हता. लोकांची नाराजी त्यांनी समोरासमोर अंगावर घेतली, कारणे सांगितली आणि खटला लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तळ्याला लागलेली ही दहा वर्षे आज कोणी भ्याडपणाची म्हणत नाही.

यातून आम्ही एकच गोष्ट घेतो. संकटात आधी माणसे सांभाळायची, मग पुरावा आणि त्यानंतर शब्द. आपण नेमका उलटा क्रम धरतो. पोस्ट आधी पडते, फिर्याद नंतर आठवते आणि जखमीला दवाखान्यात कोणी नेले हे कोणालाच ठाऊक नसते. यापुढे वस्तीवर प्रसंग आला तर दोघांनी जखमींसोबत जावे, एकाने फिर्यादीची प्रत हातात घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये, एकाने साक्षीदारांचे म्हणणे त्याच दिवशी लिहून घ्यावे. आणि आपल्याच कोणाची चूक झाली असेल तर ती आपणच आधी सांगावी. लपवलेली चूक विरोधकाच्या हाती लागली की आपले खरेही खोटे ठरते.

नाव राखण्यासाठी बाबासाहेबांनी वेगळे काही केले नाही. काम इतके चोख ठेवले की बदनामीला धरायला जागाच उरली नाही.

जय भीम!