यादीबाहेरची माणसे

सातबाऱ्यावर नाव असणे म्हणजे काय, हे घणसोली गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे खाडीकाठची भातशेती नव्या शहरासाठी गेली. ज्याचे नाव उताऱ्यावर होते तो निदान भांडू शकला. १९८४ च्या लढ्यानंतर साडेबारा टक्क्यांचा हक्क पदरात पडला, तोही उताऱ्याच्याच जोरावर. शेतात राबूनही ज्यांचे नाव कोठेच नव्हते त्यांच्याबद्दल कागद मुका आहे. आज आम्ही अशाच माणसांची गोष्ट सांगणार आहो. ती बंगालची आहे, परंतु तिचा बराचसा भाग आपल्या मुंबईत घडला.

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला व तिकडचा तांदूळ थांबला. शत्रूला मिळू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या. त्याच ऑक्टोबरात मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाने झोडपले. भाव इतके चढले की १९४३ मध्ये भूमिहीन मजूर, मच्छीमार, विणकर बायकापोरांसह कलकत्त्याची वाट चालू लागले. आपल्याच मुलखात ते निर्वासित झाले. परंतु सरकारी दफ्तरात ते केवळ 'निराधार' होते. दुष्काळ-संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीरच झाला नव्हता, मग दुष्काळपीडित तरी कसे म्हणावे? मृत्यूची वर्दी गावचा चौकीदार देत असे. कित्येक ठिकाणी चौकीदारच मेला, नाहीतर गाव सोडून गेला. चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा सुमारे १५ लाख दिला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. दोन आकड्यांमध्ये केवढी माणसे हरवली आहेत पाहा! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी बांधवांचे हाल कमी नव्हते, पण त्यांना निदान कॅम्पचा नंबर मिळाला. उल्हासनगरात तो आजही पत्ता म्हणून चालतो.

या बेनाव माणसांमध्ये एक तरुण चित्रकार हिंडला. त्याचे नाव चित्तप्रसाद. जन्म १९१५ चा, नैहाटीचा. भट्टाचार्य हे आडनाव त्याने जातीची खूण म्हणून टाकून दिले होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये तो मेदिनीपुरात फिरला, आणि त्याच्या चित्रांइतकेच, आमच्या मते अधिकही, मोल त्यांच्या कडेला लिहिलेल्या अक्षरांचे आहे. कित्येक चित्रांवर त्या माणसाचे नाव आहे, गाव आहे, त्याच्यावर काय ओढवले तेही आहे. स्वतःचे आडनाव टाकणारा हा मनुष्य दुसऱ्यांची नावे मात्र जपून लिहीत होता. चौकीदाराचे राहिलेले काम चित्रकाराने केले.

'हंग्री बेंगॉल' या नावाने ही चित्रे व हकीकत मुंबईत छापून निघाली. सरकारने जवळजवळ साऱ्या प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने सांभाळलेल्या एका प्रतीवरून २०११ साली ते पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापले गेले. मुंबईत तेव्हा बंगालची बातमी 'लोकयुद्ध' साप्ताहिक मराठीत आणीत होते, आणि अण्णाभाऊ साठे यांनी त्या दुष्काळावर पोवाडा रचला. गिरणगावाने मेदिनीपूर पाहिले नव्हते, डफावर ऐकले.

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहिला. पुढे अंधेरीची एक खोली हेच त्याचे घर व कारखाना. येथे लिनोचा ठसा त्याच्या हाती चांगलाच रुळला. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरायचे स्वस्त लिनोलियम: जवसाचे तेल, बुचाचा भुगा, खाली तागाचे कापड. चित्रात जे पांढरे हवे ते कोरून काढायचे, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवायची, कागद ठेवून पाठीवर चमचा घासायचा. यंत्र नको, ब्लॉक करणारा नको. कोरताना चूक झाली तर ती भरून निघत नाही, म्हणून रेघ ठाम येते. चीनमध्ये लू शून यांनी १९३१ साली शांघायच्या तरुण चित्रकारांसाठी लाकडी ठशांचा वर्ग भरविला, त्यामागेही हाच हिशेब होता: एका ठशातून शंभर कागद निघतात, आणि तैलचित्र ज्या घरात जात नाही तेथे कागद जातो.

१९५१-५२ च्या सुमारास त्याने मुंबईच्या कष्टकरी मुलांची लिनोचित्रे कोरली. शाळेच्या पटावर नसलेली ही मुले. ओझी वाहणारी, बूट पुसणारी, पदपथावर झोपणारी. येथे नावे लिहिलेली नाहीत, ही आम्हाला थोडी उणीव वाटते. पण मुलांचे डोळे पाहणाऱ्याला सोडीत नाहीत. चित्रमालेचे नाव 'परीकथेविना देवदूत'. ती पुस्तकरूपाने निघाली १९६९ मध्ये, आणि तीही युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीकडून. मुंबईची मुले कोपनहेगनवरून फिरून आली! चित्रकार मात्र अंधेरीतच, हलाखीत होता. १९७८ साली तो कलकत्त्यास वारला.