कृषी पदवीतील गोठा

महाराष्ट्रात कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र हा विषय मृदाशास्त्र, कृषिविद्या यांच्या जोडीने शिकवला जात असला, तरी त्याचे स्थान प्रारंभापासून दुय्यम राहिले; याची कारणे विषयाच्या स्वरूपात नसून वसाहतकालीन शासनाच्या गरजांत सापडतात.

1876-78 च्या दुष्काळानंतर, 1879 मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले आणि दहा वर्षांनी त्याच संस्थेत जनावरांच्या साथींवर संशोधन करणारी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली. नांगर आणि बैल यांची विद्या काही काळ अशी एकाच छताखाली नांदली. मात्र बुळकांडीसारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगाचे संशोधन वस्तीपासून दूर आणि थंड हवेत व्हावे, या विचाराने ती प्रयोगशाळा 1893 मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवली गेली. तत्पूर्वी 1886 मध्येच परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते. परिणामी आजारी जनावर मुंबईच्या वाट्याला आले आणि धडधाकट जनावर पुण्याच्या. ही वाटणी कारभाराला सोयीची असली, तरी ज्या शेतकऱ्याच्या दावणीला दोन्ही उभी असत, त्याच्या दृष्टीने ती कृत्रिमच होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात स्वतंत्र कृषी महाविद्यालय आकाराला आले. तेथे जनावराचा विचार प्रामुख्याने शेतीचा घटक म्हणून, म्हणजे ओढकाम, शेणखत आणि दूध यांचा स्रोत म्हणून होत असे. पशुप्रजनन म्हणजे इष्ट गुणांच्या वळूची निवड करून पुढील पिढी सुधारणे, आणि पशुपोषण म्हणजे वैरण व खुराक यांचे जनावराच्या वजनानुसार व कामानुसार प्रमाण ठरवणे, हे या विषयाचे दोन मुख्य आधार होत. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातील चपळ खिलार आणि सह्याद्रीच्या मुसळधार पावसात भातखाचरात टिकणारा डांगी यांना एकच मापदंड लावता येत नाही, हे ध्यानात घेतल्यास या शास्त्राला स्थानिक आधार का लागतो, ते कळते.

लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने 1928 च्या अहवालात एका दुष्टचक्राकडे लक्ष वेधले: बैल दुबळे म्हणून शेतकरी अधिक बैल बाळगतो, संख्या वाढली की चारा अपुरा पडतो, आणि अपुऱ्या चाऱ्यावर जन्मणारी पिढी आणखी दुबळी निघते. रोगनिवारणाने हे चक्र तुटणारे नव्हते. त्यासाठी चारापीक, पैदास आणि हिशेब यांची एकत्रित जाण असलेला, म्हणजे कृषी पदवीधरच हवा होता.

राहुरीला 1968 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ही शक्यता प्रत्यक्षात आणली. तेथे विकसित झालेल्या ‘फुले त्रिवेणी’ या संकरित गाईत होल्स्टीन फ्रिजियनचा निम्मा, तर जर्सी व गीर यांचा प्रत्येकी पाव अंश आहे. पहिलीची दुधाची मात्रा, दुसरीच्या दुधातील स्निग्धांश आणि तिसरीची उष्णता सोसण्याची शक्ती एकत्र यावी, हा त्यामागील विचार. कृषी विद्यापीठाच्या गोठ्याचे एवढे ठोस फलित अन्यत्र क्वचितच दिसते.

2000 मध्ये नागपूर येथे पशु व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन होऊन पशुवैद्यकीय महाविद्यालये कृषी विद्यापीठांपासून वेगळी झाली, तेव्हा परळ आणि पुणे यांच्यातील जुन्या वाटणीवर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले. कृषी विद्यापीठांत पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राचे विभाग मात्र राहिले, आणि पदवीचा विद्यार्थी आजही हा विषय तेथेच शिकतो.